बेल्ट वारंवार जातोय? पुढचा बेल्ट टाकण्याआधी क्रँक पुली तपासा

सकाळी गाडी सुरू केली की पुढून चिवचिव. इंजिन तापलं की बंद. थोड्या दिवसांनी तापल्यावरही सुरू. ऑल्टरनेटर, एसी फिरवणारा इंजिनाबाहेरचा बेल्ट बदलला की काही काळ शांतता, मग त्याच नव्या बेल्टच्या एका कडेचे धागे सुटलेले दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, बेल्ट लोकल होता, ओरिजिनल टाकू. ओरिजिनल टाकला तरी पावसाळा संपता संपता तोही जातो. मग बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलला जातो, मग बॅटरी चार्ज करणाऱ्या ऑल्टरनेटरची बेअरिंग. बिलांची फाइल जाड होत जाते आणि आवाज जिथल्या तिथे.

हा क्रम ज्यांना ओळखीचा वाटतोय त्यांनी एक करावं. आणखी एक बेल्ट विकत घेण्याआधी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला बसलेली मोठी पुली नीट बघून घ्यावी. ती बहुतेक गाड्यांत सगळ्यात खाली, पुढच्या उजव्या चाकाच्या आड असते. बॉनेट उघडून वरून डोकावणाऱ्याला तिचा जेमतेम वरचा काठ दिसतो, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर कोणी संशय घेत नाही.

पुलीच्या पोटात रबर असतं

क्रँक पुली म्हणजे लोखंडाचं एक अखंड चाक, अशी बहुतेकांची समजूत असते. साध्या जुन्या इंजिनांत ती तशी असायचीही. आजच्या बऱ्याच गाड्यांत मात्र तिचे तीन भाग असतात. मध्ये क्रँकवर बोल्टने आवळलेला हब. बाहेर बेल्टच्या खाचा कापलेलं जड कडं. आणि दोघांच्या मध्ये दाबून किंवा चिकटवून बसवलेला रबराचा थर. मॅन्युअलमध्ये हिला हार्मोनिक बॅलन्सर किंवा टॉर्शनल डॅम्पर म्हणतात. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर 'डॅम्पर पुली' म्हणा, समोरचा लगेच गाडीचं मॉडेल विचारेल.

हे रबर तिथे कशाला? चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ८०० आरपीएम धरले तर मिनिटाला १६००, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के. क्रँकशाफ्ट कितीही भक्कम असो, आपल्या मुंढव्याला भारत फोर्जमध्ये तापल्या पोलादातून घडवलेला का असेना, प्रत्येक धक्क्याला तो अंशाच्या काही भागाने पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. एखाद्या ठरावीक वेगाला या धक्क्यांची लय क्रँकच्या स्वतःच्या लयीशी जुळते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत राहिलं की तो चढत जातो, तसा हा पीळ वाढत जातो. बाहेरचं जड कडं एकसारख्या वेगाने फिरू पाहतं, हब मागेपुढे हिसके खातो, आणि या ओढाताणीत रबर पिळवटून ती शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतं. डॅम्पर नीट असला तर ड्रायव्हरला यातलं काहीच जाणवत नाही. रबराचं काम मात्र इंजिन सुरू असेपर्यंत क्षणभरही थांबत नाही.

डिझेल गाड्यांत ही तक्रार जास्त दिसते, कारण सिलिंडरमधला दाब पेट्रोलपेक्षा बराच मोठा आणि धक्का कडक. त्यातही काही डिझेल इंजिनांवर दोन रबरांची पुली असते. एक रबर क्रँकचा पीळ जिरवतं आणि दुसरं, जास्त मऊ, बेल्टला धक्क्यांपासून वेगळं ठेवतं. हे मऊ रबर आधी जातं.

पुण्याची भर वेगळी. इंजिनाचा वेग सर्वांत जास्त हेलकावतो तो आयडलिंगला, आणि एसी लावून वाकडपासून हिंजवडीच्या फेजपर्यंत रोज सरपटणारी गाडी तासन् तास नेमक्या त्याच अवस्थेत असते. दुसरं म्हणजे आपले स्पीडब्रेकर. कोणी, कोणत्या मापाने बांधले ते देव जाणे, पण इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर फाडण्यात ते वाकबगार. कव्हर गेलं की पावसाळ्यात चिखल आणि बारीक खडी थेट बेल्टवर. आणि तिसरं, मला सगळ्यात खटकणारं, म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनावर डिझेल मारून 'चकाचक' करण्याची पद्धत. डिझेल आणि ऑइल रबराचे शत्रू आहेत. बॉनेटखाली रबरी पाइप, बुश, बेल्ट आणि ही पुली असताना तिथे डिझेल फवारायला लावू नका. इंजिन मळकट दिसलं तर काही बिघडत नाही.

आवाज ऐकायचा कसा

बेल्टच्या आवाजाचे दोन प्रकार आहेत आणि दोघांची कारणं वेगळी. आयडलिंगला ठरावीक अंतराने चिव-चिव-चिव, वेग वाढवला की तीच चिवचिव भराभर: हा आवाज बहुधा बेल्ट सरळ रेषेत चालत नसल्याचा. सुरू करताना, एसी लावताना किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवताना लांब 'चीं' निघाली तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी किंवा पुढची एखादी पुली जड.

खात्री करायला पाण्याची बाटली पुरते. इंजिन आयडलिंगवर ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर दुरून थोडंसं पाणी मारा. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर रेषेचा दोष. आवाज उलट वाढला तर घसरणीचा. हात लांब ठेवा. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन यांना या कामात जागा नाही. बाजारात मिळणारा बेल्टचा स्प्रे मात्र मारू नका. तो आवाज लपवतो, धूळ चिकटवतो आणि पुढच्या तपासणीचा बट्ट्याबोळ करतो.

पुली गेल्याची बाकीची लक्षणं इकडेतिकडे विखुरलेली असतात, म्हणून ती कोणी एकत्र जोडत नाही. बेल्टची एकच कड खाल्लेली. पुलीमागच्या टायमिंग कव्हरवर गोल घासल्याची ताजी चमक. पुलीच्या मागे काळी रबरी भुकटी. बॅटरीचा दिवा मधूनच लुकलुकतो. सिग्नलला एसी गार करत नाही. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर ते अचानक जड होतं. ज्या इंजिनात पाण्याचा पंप याच बेल्टवर चालतो तिथे तापमानाचा काटा वर जातो. आणि काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे दात याच पुलीवर असतात, तिथे चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर क्रँक सेन्सरचा कोड पी ०३३५ किंवा मिसफायरचा पी ०३०० येतो. मग प्लग, कॉइल, सेन्सर बदलण्याचा नवा खर्च सुरू होतो.

सगळ्यात महागात पडणारं लक्षण म्हणजे टकटक. सुटलेलं कडं किंवा क्रँकवर सैल झालेला हब आयडलिंगला असा ठोकतो की अनुभवी माणूसही 'कनेक्टिंग रॉडची बेअरिंग गेली' म्हणून मोकळा होतो. इंजिन उघडायचा निर्णय घेण्याआधी ऑइलचं प्रेशर गेजने मोजा आणि ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदात चमकदार कण आहेत का बघा. प्रेशर व्यवस्थित, कण नाहीत, तर इंजिन तसंच राहू द्या आणि पुलीकडे वळा. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर मागच्या बाजूला, म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हील किंवा रिलीज बेअरिंगकडे संशय न्या.

खडूची रेघ

पुलीचा निकाल लावायला महागडं काही लागत नाही. पांढरा पेंट मार्कर आणला तर उत्तम, नाहीतर खडू.

इंजिन थंड आणि बंद. गाडीला हँडब्रेक, मागच्या चाकांना उटी, म्हणजे दगड किंवा ठोकळा. पुढचं उजवं चाक काढायचं असेल तर गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मग काम दोन मिनिटांचं असो. मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक बाजूला केलं की पुली समोर येते. ती कापडाने पुसा. हबवरून सुरू होऊन रबर ओलांडून बाहेरच्या कड्याच्या काठापर्यंत एक सलग सरळ रेघ ओढा. समोरासमोर दोन रेघा काढल्या तर आणखी बरं.

प्लॅस्टिक आणि चाक परत लावून गाडी नेहमीसारखी चालवा. एसी चालू ठेवा, थोडा चढ घ्या. कात्रजचा जुना घाट चढून उतरलात तर पुलीवर पुरेसा भार येतो. घरी येऊन इंजिन थंड झाल्यावर रेघ बघा. ती अजून सलग असेल तर रबराने पकड सोडलेली नाही. हबवरचा तुकडा एकीकडे आणि कड्यावरचा भलतीकडे गेला असेल तर कडं रबरावर घसरतंय, पुली गेली. त्यावर चर्चा नाही. मात्र हे लक्षात ठेवा की दोन रबरांच्या पुलीत कडं हाताने किंचित फिरवता येतं आणि सोडल्यावर जागेवर येतं. तो दोष नव्हे. रेघ कायमची सरकली तर दोष.

रेघ सलग असूनही पुली वाईट असू शकते, कारण कडं फिरण्याऐवजी पुढेमागे सरकलेलं असतं. त्यासाठी इंजिन आयडलिंगवर ठेवून, सुरक्षित अंतरावरून, टॉर्चच्या उजेडात पुलीच्या काठाकडे बघा. काठ डुलतोय का? हब स्थिर आणि फक्त कडं डुलतंय तर रबर. हबसकट सगळं डुलतंय तर सैल बोल्ट, झिजलेली चावी (पुलीला क्रँकशी अडकवणारी लोखंडी पाचर) किंवा वाकलेला हब. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला तर हा फरक फार स्वच्छ दिसतो. गिऱ्हाइकाला पटवायलाही तोच बरा.

याच वेळी आणखी एक तपासणी उरकून घ्या. इंजिन बंद ठेवून दुसऱ्या माणसाला क्लच दाबायला-सोडायला सांगा आणि पुलीकडे बघा. क्लच दाबला की क्रँकवर लांबीच्या दिशेने जोर येतो. चांगल्या इंजिनात हा सरक मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो, डोळ्यांना तो जवळपास दिसतच नाही. पुली हबसकट ठळकपणे आतबाहेर होताना दिसली तर क्रँकचा हा सरक रोखणारं थ्रस्ट बेअरिंग गेलंय. अशा इंजिनावर नवी पुली बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, तो बेल्टही वाकडाच चालणार.

बाकीचे संशयित पटकन निपटता येतात. बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवा. आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली) आणि टेन्शनरची बेअरिंग गुळगुळीत फिरली पाहिजे, खरखर नको, आणि सुकल्यासारखी भरभर गरगरत राहायलाही नको. सरळ पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावून कोणती पुढेमागे आहे ते बघा. बेल्ट उतरवलेल्या अवस्थेत इंजिन काही सेकंद सुरू करून आवाज ऐकता येतो, पण पाण्याचा पंप बेल्टवर असेल तर खरोखर काही सेकंदच. आणि यात फसगत अशी की बेल्ट काढल्यावरही टकटक राहिली म्हणून लगेच रॉडला दोष देऊ नका. सुटलेलं कडं बेल्ट नसतानाही हबवर आहेच, ते ठोकत राहतं.

'काका, अजून महिनाभर चालेल ना?'

गिऱ्हाइकाकडून हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. पगार झाल्यावर करू, गणपती झाल्यावर करू, कोकणात जाऊन आलो की करू.

"काका, फक्त आवाजच करते. बाकी गाडी मस्त पळते."

"अहो, आवाज करते तोवर तुम्ही नशीबवान. कडं निघालं की ती आवाज करायला थांबणार नाही."

यात अतिशयोक्ती नाही. कडं पूर्ण सुटलं की ते मोठ्या वेगाने फिरणारं जड लोखंड असतं. ते टायमिंग कव्हर फोडतं, एसीचा पाइप किंवा रेडिएटर कापतं. टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या आतल्या बेल्टच्या) काही इंजिनांत फाटलेल्या बाहेरच्या बेल्टचे धागे क्रँक पुलीच्या मागून कव्हरच्या आत ओढले जातात आणि टायमिंग बेल्ट दात चुकतो. मग वाकलेले व्हॉल्व्ह, हेड खाली, आणि पुलीच्या कैक पट बिल. खंबाटकीच्या चढाला बेल्ट गेला तर चार्जिंग, स्टिअरिंगची मदत आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही एकदम बंद. रेघ सरकलेली दिसल्यावर गाडी गॅरेजपर्यंत जाईल एवढीच चालवावी, आणि कडं डुलताना दिसलं तर तेवढीही नको, टो करून न्यावी.

काढताना

हे काम घरी करण्याजोगं आहे का? हात बसलेला असेल, टॉर्क रेंच असेल आणि त्याच गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तर हो. तिसरी गोष्ट नसेल तर नाही. कारण सांगतो. बऱ्याच इंजिनांत पुली आणि टायमिंगचं दातेरी चाक चंद्रकोरी चावीने क्रँकला अडकवलेलं असतं, बोल्ट सोडला तरी टायमिंग हलत नाही. पण काही इंजिनांत चावीच नसते. बोल्टच्या आवळीवरच सगळं धरलेलं असतं. तिथे क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक न करता बोल्ट सोडला की टायमिंग गेलं, आणि गाडी सुरू करताच पिस्टन व्हॉल्व्हवर आपटू शकतात. शिवाय काही इंजिनांवर बोल्टला उलटे आटे असतात. 'जाम झालाय' म्हणत पाइप घालून तुम्ही तो आणखी आवळत बसाल. तेव्हा आधी मॅन्युअल, मग पाना.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. बेल्ट कुठून कसा गेलाय त्याचा फोटो काढा, मगच टेन्शनर वळवून तो उतरवा. क्रँक फिरू नये म्हणून हाताने गिअर टाकायच्या गाडीत टॉपचा गिअर टाकून कोणाला तरी ब्रेक घट्ट दाबून बसवणं हा प्रचलित उपाय, आणि बहुतेक वेळा तो पुरतो. ऑटोमॅटिकला तो चालत नाही. तिथे फ्लायव्हील लॉक करायचं हत्यार किंवा पुलीला धरणारं होल्डर लागतं. बोल्टच्या सॉकेटला दांडा अडकवून स्टार्टर मारायची युक्ती काही जण सांगतात. दांडा निसटला तर तो बॉनेटमधून नाहीतर बरगडीतून बाहेर येईल. सोडून द्या.

बोल्ट निघाल्यावर पुली कधी हाताने येते, कधी जाम असते. पुलर लावताना त्याचे बोल्ट हबवरच्या आटे पाडलेल्या भोकांत बसवा. तीन पायांचा पुलर बाहेरच्या कड्याला अडकवून ओढला तर रबराचा उरलासुरला जोड तुटतो. जुनी पुली फेकायचीच असेल तर हरकत नाही, पण कडं हातात आणि हब क्रँकवर असा घोळ होतो. टोकाला हातोडा मारू नका. तो धक्का थेट थ्रस्ट बेअरिंगला पोचतो. रवाळ गंज असेल तर भेदक तेल टाकून अर्धा दिवस वाट बघा. पुलर आणि मोठे सॉकेट विकत घ्यायचे नसतील तर बरीच गॅरेजं अनामत ठेवून देतात; घ्यायचेच असतील तर रविवार पेठेत बोहरी आळीत बघा.

पुली हातात आली की तिचं नळकांडं बघा, जिथे ऑइल सीलची कड घासते. तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवी पुली हाच उपाय. हब वेगळा आणि महाग असेल तर त्यावर पातळ बाही (स्लीव्ह) चढवता येते. सील मात्र प्रत्येक वेळी नवं टाका. त्याची किंमत पुलीपुढे किरकोळ, आणि जुन्या सीलमधून झिरपलेलं ऑइलच बऱ्याचदा रबर खाऊन टाकतं. क्रँकवरची चावी आणि तिची खाच तपासा. चावी पायरीसारखी कापली गेली असेल तर आधीचा बोल्ट पुरेसा आवळलेला नव्हता.

पुली विकत घेताना

या भागात हलगर्जीपणा केला की वर्षभरात हाच लेख परत वाचावा लागतो. दिसायला सारखी, वजनाला हलकी, रबर ओबडधोबड, कोपऱ्यात चिकटपट्टीसारखा उरलेला गोंद: अशी पुली स्वस्तात मिळते. आतलं रबर कडक की मऊ आणि कड्याचं वजन किती, हे त्या इंजिनाच्या पिळासाठी मोजून ठरवलेलं असतं. वजन चुकलं तर पुली फिरेल, बेल्ट चालेल, पण डॅम्परचं काम होणार नाही. जुनी पुली सोबत घेऊन जा. खाचांची संख्या, व्यास, आणि हबच्या तोंडापासून पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर जुन्याशी जुळवून बघा. जुन्या पुलीचं कडं सरकलेलं असू शकतं, म्हणून अंतराची शेवटची खात्री पार्ट नंबरवरूनच. सेन्सरचे दात असतील तर तेही मोजा.

मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून किंवा भंगारातल्या गाडीवरून पुली आणू नका. लोखंडी भाग चालतील, पण रबराचं वय बाहेरून कळत नाही. आणि 'पिकअप वाढेल' म्हणून विकली जाणारी हलकी, रबर नसलेली अॅल्युमिनियमची पुली रोजच्या गाडीला बसवू नका. ज्या इंजिनाला कारखान्याने डॅम्पर दिलाय त्याचा डॅम्परच तुम्ही काढून टाकताय.

बेल्टवरचा क्रमांक वाचायला शिका. ६ पीके १७५० म्हणजे सहा रिब्स आणि १७५० मिलिमीटर लांबी. काही मिलिमीटर लांब बेल्ट 'बसतोय की' म्हणून टाकला तर टेन्शनर त्याच्या टोकाला जाऊन बसतो. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे. जुन्यांसारखे ते लवकर तडकत नाहीत, खाचा मात्र आतून झिजतात. तडे नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हा हिशेब आता चालत नाही.

बसवताना

क्रँकचं टोक आणि हबचं भोक स्वच्छ पुसा. सीलच्या कडेला इंजिन ऑइलचं बोट फिरवा, पण पुलीच्या रबरावर आणि खाचांत थेंबही नको. चावी आणि खाच जुळवून पुली हाताने जाईल तितकी सरकवा, पुढे बोल्टने किंवा बसवायच्या हत्याराने ओढून घ्या. ठोकून नाही. मॅन्युअल सांगेल तर बोल्ट नवाच वापरा. बऱ्याच इंजिनांचा हा बोल्ट आवळताना मुद्दाम ताणला जातो आणि एकदाच वापरायचा असतो; त्याची आवळी आधी टॉर्क आणि मग अंश अशी दिलेली असते. आकडे इंजिनागणिक बदलतात. कुठे शंभर-सव्वाशे न्यूटन मीटर, कुठे दोनशेच्या वर, त्यावर आणखी ९० अंश. एका गाडीचा आकडा दुसरीला लावू नका. एअर गनने बोल्ट सोडायला माझी हरकत नाही, आवळायला आहे. 'गनने ठोकलाय, हलणार नाही' हे वाक्य ऐकलं की समजा, टॉर्क कोणी मोजलेला नाही.

बेल्ट चढवल्यावर प्रत्येक पुलीवर तो सगळ्या खाचांत बसलाय का, बोट फिरवून बघा. एक खाच बाजूला बसलेला बेल्ट सुरुवातीला नीट चालतो आणि थोड्याच किलोमीटरांत कड खाऊन घेतो. मग पुन्हा पुलीला दोष. सॉकेटने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, इंजिन फिरतं त्याच दिशेने. कुठे अडलं तर स्टार्टर मारू नका, अडथळा शोधा.

नवी पुलीही गेली तर

मग पुली मारणारा दुसरा कोणीतरी आहे. पहिला संशय ऑल्टरनेटरच्या फ्री-व्हील पुलीवर. बऱ्याच गाड्यांत ही पुली एकाच दिशेने पकडते आणि उलट दिशेने मोकळी सुटते, म्हणजे क्रँक क्षणभर मंदावला तरी ऑल्टरनेटर आपल्या वेगात फिरत राहतो. ती जाम झाली की क्रँकचा प्रत्येक हेलकावा बेल्टमधून परत पुलीच्या रबरावर येतो. टेन्शनरचा हात आयडलिंगला थरथर नाचताना दिसला तर आधी हीच तपासा: ऑल्टरनेटरचा रोटर धरून पुली फिरवा, एका बाजूला पकड आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवी. दोन्हीकडे पकडत असेल तर बदला.

दुसरा संशय इंजिनाच्या असमान पेटण्यावर. एक इंजेक्टर गळका असेल तर एकच सिलिंडर कमजोर पडतो आणि क्रँक लंगडत फिरतो. डिझेलला इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट करून घ्या. चारही नळ्यांत परतीचं डिझेल साधारण सारखं यायला हवं. पेट्रोलला मिसफायरचा सिलिंडर शोधा. आयडलिंगला गाडी हादरते म्हणून फक्त फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंट) बदलून आवाज दाबलेला असेल, तर मूळ कारण तसंच आत आहे.

तिसरं, वरून कुठे ऑइल गळतंय का. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग, टायमिंग कव्हरचा जोड, स्टिअरिंगचा पाइप. पुलीवर थेंब पडत असेल तर कितीही ओरिजिनल रबर टिकणार नाही. आणि खालचं फाटलेलं प्लॅस्टिक कव्हर नवं टाका, मूळच्या सगळ्या क्लिपांसकट. केबल टायने बांधलेलं कव्हर पुढच्या मोठ्या खड्ड्यात सुटून बेल्टवरच येतं.

काम झाल्यावर नव्या पुलीवरही तीच पांढरी रेघ ओढून ठेवा, यावेळी पेंट मार्करने. पुढच्या प्रत्येक ऑइल बदलाला गाडी वर चढलेली असतेच. मिस्त्रीला ती रेघ दाखवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा.